तीन दिवस लागले, पण ते नुसतं अलाइनमेंट नव्हतं

नमस्कार सर,

गाडीविना तीन दिवस राहावं लागलं, शनिवारचा तुमचा बेत बुडाला, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण "टायरवाला अर्ध्या तासात करतो त्या अलाइनमेंटला तीन दिवस लावले, वर पोरांनी माझं वजन विचारून चेष्टा केली" हे फार लागलं. नवीन गिऱ्हाईक आधी हेच वाचणार, म्हणून सविस्तर लिहितो. आम्ही केलं ते चारही चाकांवरचा भार जुळवण्याचं काम होतं.

पोर्शे केमन आणलीत तेव्हाची तक्रार जॉब कार्डवर तुमच्याच शब्दांत आहे: डाव्या वळणात नाक बाहेर पळतं, उजव्या वळणात मागचा भाग सुटतो. गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागते तेव्हा दोष बहुतेक वेळा चाकांवरच्या भारात असतो. तुमचे कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी स्प्रिंग आणि डँपर म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरची जोडी) दुसरीकडे बसवलेले होते आणि उंची फेंडरपासून टेपने मोजून सारखी केलेली होती. दिसायला गाडी अगदी सरळ. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून मोजली तर पुढचं उजवं आणि मागचं डावं या तिरक्या जोडीवर ५२ टक्क्यांहून जास्त भार! असायला हवा निम्मा. डुगडुगणाऱ्या चौरंगासारखं आहे हे, वरून सपाट पण दोनच पायांवर उभा. अशी गाडी अलाइनमेंट मशीनवर कितीही वेळा चढवा, फरक पडत नाही.

आता वजनाचं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याचा भार धरल्याशिवाय हे माप खोटं येतं. तुम्ही दिवसभर थांबणार नव्हता, म्हणून तुमच्या वजनाइतकी वाळूची पोती सीटवर ठेवायची होती. मुलाने विचारलं ते एवढ्यासाठीच. चेष्टा करणारी मुलं मी कामावर ठेवत नाही.

मग टायरची हवा सारखी, पेट्रोल अर्धी टाकी, अँटी-रोल बारच्या (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) लिंक सोडवलेल्या. एका कोपऱ्याची स्प्रिंग जरा फिरवली की बाकी तिन्ही आकडे हलतात. दर वेळी गाडी मागेपुढे ढकलून बसू द्यावी लागते, नाहीतर काटा फसवतो. उंची बदलली की कँबर आणि टो, म्हणजे चाकांचे कोन, बदलतात, म्हणून अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. आणि बार परत जोडताना त्यात ताण राहिला तर सगळी मेहनत वाया, त्यासाठी लांबी बदलता येणारी लिंक लागते. तुमच्या गाडीला ती नव्हती, मुंबईहून मागवली, एक अख्खा दिवस त्यात गेला. त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं, तुम्ही "चालेल" म्हणालात. रिव्ह्यूमध्ये तो फोन कुठेच नाही.

शेवटचा मुद्दा. "मित्राच्या सांगण्यावरून डँपर फुल हार्ड केले तरी ताम्हिणीत मागून उसळते" असं तुम्हीच लिहिलंय. सर, तरी नाही, त्यामुळेच. रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडतानाचा डँपरचा अडसर, पूर्ण घट्ट केला की स्प्रिंगला पुढच्या खड्ड्याआधी उघडायला वेळ मिळत नाही, ती दबतच जाते आणि टायर रस्ता सोडतो. घाटातल्या रस्त्यासाठी आम्ही ठेवलेले डँपरचे क्लिक (घट्टपणाचे टप्पे) ग्लोव्ह बॉक्समधल्या कार्डावर लिहिलेले आहेत. त्या सेटिंगवर गाडी एकदा चालवून मग शिव्या दिल्या असत्या तर वाईट वाटलं नसतं.

यापुढे किती दिवस लागतील ते आधी नीट समजावून सांगू, थांबणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बसायच्या जागेचंही काहीतरी करतो आहोत.

डँपर कार्डाप्रमाणे करून गाडी एकदा भोसरीला आणा. तुमच्यासमोर काट्यांवर घेतो, पैसे नकोत. बुधवार-गुरुवार बरा पडेल, सकाळी दहाच्या आत. टाकी अर्धी असू द्या आणि डिकी रिकामी करून या.

आपला,
वर्कशॉपचा मालक