सहाशे नंबरचा कागद

चतुर्थीच्या आधीचा आठवडा गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घरात घासण्याचा आठवडा असतो. समया, तांबे, पंचपात्रे, घंटा, आरतीचे तबक असा सगळा सरंजाम माळ्यावरून खाली उतरतो आणि आई चिंच, राख आणि नारळाचा काथ्या घेऊन मागच्या पडवीत बैठक मारते. यंदा त्या रांगेत माझी माशांची टाकीही होती. दोन गोल्डफिश निळ्या टबात हलवून, टाकी रिकामी करून मी ती पडवीत ठेवली आणि कचेरीत गेलो, एवढाच माझा अपराध. संध्याकाळी परतलो तेव्हा आईने तिलाही समईच्याच मायेने आतून-बाहेरून घासून काढले होते, आणि वर तक्रार होती, "समईला बघ कशी लकाकी आली. हिला मात्र काही केल्या येत नाही."

येणार कशी? टाकी काचेची नसून ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची आहे, ही गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नव्हती. तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सव्वाशे लिटर पाण्याची टाकी काचेची घेतली असती तर ती जिन्यावरून वर आणताना माझी कंबर खाली राहिली असती. काचेची घनता पाण्याच्या अडीच पट, तर ॲक्रिलिकची 1.19 पट. शिवाय ॲक्रिलिकमधून सुमारे 92 टक्के प्रकाश आरपार जातो, हे मी खरेदीच्या वेळी पाहुण्यांना ऐकवले होते. ते इतके मऊ असते की राखेतला एखादा कणही त्यावर आपली सही करून जातो, हे मात्र मी कुणालाच ऐकवले नव्हते. दर्शनी बाजूवर आता अशा सह्यांची अख्खी हजेरी लागली होती.

मेहुण्याने टूथपेस्टचा उपाय सुचवला. तो मी शेजारच्या दंतवैद्यांच्या कानावर घातला, तेव्हा ते हसून म्हणाले, "तुमच्या बाबांची कवळी आणि तुमची टाकी एकाच जातीच्या प्लास्टिकची आहेत. कवळीला टूथपेस्ट लावू नका असे मी त्यांना वर्षभर बजावतो आहे, कारण तिने बारीक चरे पडतात." त्या दिवसापासून बाबा टाकीकडे भाऊबंदांच्या नजरेने पाहू लागले आहेत. टूथपेस्ट मी तरीही लावून पाहिली. चरे होते तिथेच राहिले, फक्त त्यांना पुदिन्याचा वास येऊ लागला.

मग हार्डवेअरचे दुकान गाठले. ओला करून घासायचा वॉटर पेपर मागितला तर दुकानदाराने विचारले, "बाब, गाडी घासायची की भिंत?" माशांची टाकी म्हटल्यावर त्याने मला नीट न्याहाळले आणि सहाशेपासून दोन हजारापर्यंतचे कागद काही न बोलता गुंडाळून दिले. या कागदांचा नंबर जितका मोठा तितके त्यावरचे कण बारीक. चरा नखाला अडकत असेल तर चारशेपासून सुरुवात करावी लागते. माझे चरे नखाला अडकत होते की नख चऱ्यांना अडकत होते हे ठरेना, म्हणून मी मधला मार्ग काढून सहाशे नंबर उचलला.

पहिला हात फिरवण्याचा तो क्षण मी जन्मात विसरणार नाही. कागद पाण्यात भिजवला, रबराच्या ठोकळ्याला गुंडाळला, साबणाचे दोन थेंब टाकले आणि आडवा हात मारला. कागदाखालून दुधासारखे पांढरे पाणी ओघळले आणि ज्या जागी पंधरा-वीस चरे होते त्या जागी काहीच दिसेनासे झाले: चरे नाहीत, टाकी नाही, पलीकडचा फणस नाही. श्रावणातल्या धुक्यासारखा एक पांढरा पट्टा तेवढा उरला. चरा काढणे याचा खरा अर्थ, त्याच्या भोवतालची सगळी जमीन त्याच्या तळापर्यंत खाली उतरवणे, हे मला तेव्हा उमगले. पंधरा चरे घालवण्यासाठी मी स्वतःच्या हाताने पंधरा हजार पाडले होते. आई मागे उभी होती. ती काही बोलली नाही, पण तिच्या हातातला काथ्या माझ्यापेक्षा निरपराध दिसत होता.

सहाशे आडवा, आठशे उभा, हजार पुन्हा आडवा. दर कागदाला दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाच्या रेघा राहिल्या असतील तर त्या चटकन दिसतात. आणि दर कागदानंतर टाकी, ठोकळा, बादली आणि हात धुवायचे, कारण जाड कागदाचा एक कण बारीक कागदाखाली सापडला तर सगळे मुसळ केरात. हा नियम मी काटेकोर पाळला. फक्त गोव्याच्या मातीला तो ठाऊक नव्हता. दोन हजारावर असताना कागद हातातून निसटून पडवीत पडला, मी तो उचलून झटकला आणि दोन हात मारले, तोच 'कर्र' असा आवाज आला. चपलेबरोबर आलेल्या तांबड्या मातीचा खडा! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक देखणी, तिरकी रेघ. परत सहाशेवर आलो. "अहो, गणपतीवर फळे-पाने टांगायची माटोळीची चौकट अजून बांधायची आहे," ही आतून आलेली हाकही त्याच सुमाराची.

शेवटी प्लास्टिकचे पॉलिश आले. ड्रिलला गोल बोळा लावून झटपट उरकावे असा मोह झाला होता, पण ॲक्रिलिक शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि फिरत्या बोळ्याखाली ते तापायला वेळ लागत नाही, म्हणून हातानेच मऊ फडके फिरवत बसलो. काच पुसण्याचा निळा फवारा बायकोने पुढे केला, तो मी दोन्ही हातांनी अडवला. त्यातल्या अमोनियाने किंवा स्पिरिटने ॲक्रिलिकला केसासारख्या भेगा पडतात. दोन दिवसांची रजा अशी टाकीच्या आतल्या अंगावर खर्ची पडली. माशांना विष नको म्हणून सात वेळा धुऊन मी ती भरली.

आणि पाणी चढू लागले तसे माझे तोंड उतरू लागले. कारण आतल्या बाजूचे, कोपऱ्यातले, मी हातही न लावलेले चरे पाण्याखाली गेल्याबरोबर जवळजवळ दिसेनासे झाले. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, 1.49, पाण्याचा 1.33, हवेचा 1. चऱ्यात हवेऐवजी पाणी शिरले की प्रकाश फारसा अडखळत नाही. शाळेत हा धडा मी गुणांसाठी पाठ केला होता. दोन दिवस ज्यांच्याशी झुंजलो ते शत्रू बादलीभर पाण्याने गेले असते. बाहेरचे मात्र सगळे शाबूत होते आणि हाताशी एकच संध्याकाळ उरली होती.

त्या संध्याकाळी ठोकळा बाजूला टाकून मी अंगठ्याने कागद दाबला. घासायचे ते ऐसपैस, चऱ्याच्या चौफेर वीतभर, हे माहीत असूनही सगळ्यात खोल चऱ्यावर तेवढ्यापुरताच जोर लावला. चरा गेला. टाकी खरोखर आरशासारखी झाली. फक्त त्या जागी बोटभर खळगा पडला.

चतुर्थीला पाहुणे आले. माटोळीचे कौतुक झाले, गणपतीचे झाले. श्रावणापासून मासळी वर्ज्य केलेले काका मात्र टाकीसमोर बसून राहिले. गोल्डफिश खळग्यामागे आला की एकदम वाळून काडी व्हायचा आणि पुढे सरकला की पुन्हा गुटगुटीत. मुले तेवढ्यासाठी रांग लावून बसली होती.

"अरे," काका बऱ्याच वेळाने म्हणाले, "ही टाकी पुन्हा पॉलिश करताना एवढाच तुकडा मला कापून दे. बाजारात पाटीपुढे धरला तर सुरमईचाही दर बांगड्याच्या भावात पाडून मागता येईल."