सापडली म्हणे, पुन्हा!

झालं, परत सापडली अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट! बाई २ जुलै १९३७ ला प्रशांत महासागरातल्या हाउलंड बेटाच्या वाटेवर विमानासकट गायब झाली, तेव्हापासून हे हौशी गुप्तहेर तिला सुखाने हरवू देत नाहीत. २०१७ मध्ये एका जुन्या फोटोत, तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या मार्शल बेटांतल्या जालुइटच्या धक्क्यावर कुणीतरी पाठमोरी बसलेली दिसली, की तीच! कपाळावरची केसांची रेघ जुळली, की शेजारचा तिचा नेव्हिगेटर नूनन! पुढे तोच फोटो १९३५ च्या जपानी पुस्तकात निघाला. म्हणजे हरवायच्या दोन वर्षं आधीच सापडली होती, धन्य! मग समुद्रतळाच्या सोनार चित्रात (ध्वनिलहरींनी काढतात ते) 'विमान' दिसलं. २०२४ मध्ये नीट बघितलं तर खडक. तरी यांचं आहेच, 'जपान्यांनीच पकडली'. अहो, इंधन संपत आलंय असं ती स्वतः रेडिओवर सांगत होती, ते ऐका की आधी!