कवीला वाचू द्या की!

'काव्यवाचन आणि दिलखुलास गप्पा' असं निमंत्रणपत्रिकेवर असतं. प्रत्यक्षात वाचन तोंडी लावण्यापुरतं, बाकी सगळ्या गप्पाच. माझा राग मुलाखतकारांवर आहे आणि त्याहून जास्त संयोजकांवर.

मध्यंतरी एका नामवंत कवयित्रींच्या कार्यक्रमाला गेले होते. (नाव लिहीत नाही, दोष त्यांचा नव्हताच.) पुढे बसले होते, त्यामुळे त्यांच्या हातातला संग्रह नीट दिसत होता. पानापानांत कागदाच्या खुणा, त्यांवर पेन्सिलीने आकडे. म्हणजे बाई क्रमसुद्धा ठरवून आल्या होत्या. पण आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग परिचय, त्यात पुरस्कारांची लांबलचक यादी. त्यानंतर पहिला प्रश्न: 'कविता तुम्हाला कशी सुचते?' यावर कुणी काय बोलावं? पुढचा प्रश्न तर भाषणच होता, शेवटी 'नाही का?' जोडलेलं. आणि अधूनमधून, 'आता एखादी छोटीशी कविता होऊन जाऊ दे!' कार्यक्रम संपला तेव्हा निम्म्याहून जास्त खुणा जागच्या जागी होत्या.

आपल्याकडे हे असं नव्हतं हो. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं आणि त्यातल्या कवींनी कविता गाऊन, म्हणून श्रोत्यांपर्यंत नेली. पुढे विंदा, पाडगावकर, बापट हे त्रिकूट गावोगाव फिरलं. तिघांची वाचायची तऱ्हा वेगळी, आणि लोक ती ऐकायलाच यायचे. विंदांना २००३ सालचं ज्ञानपीठ मिळालं, पण आमच्या घरातल्या मोठ्यांना ते त्याआधीच आवाजावरून ठाऊक होते.

कवी वाचतो तेव्हाच निम्मं सांगून झालेलं असतं. कुठे थांबला, कुठला शब्द सहज टाकून पुढे गेला, कुठे आवाज कोरडा ठेवला. त्या दिवशी बाईंनी एका कवितेत छापील ओळ जिथे तुटते तिथे श्वासच घेतला नाही, थेट पुढच्या ओळीत गेल्या. माझ्या मांडीवर तोच संग्रह उघडा होता, म्हणून लक्षात आलं. विचारायचं तर हे विचारा ना, की बाई, कागदावर थांबलात, मग आत्ता का नाही? यावर त्या अर्धा तास बोलल्या असत्या आणि सगळ्यांनी कान देऊन ऐकलं असतं.

दुसरं म्हणजे एक कविता दोनदा वाचायला काय हरकत आहे? नाट्यपदाला वन्स मोअर मिळतो, मुशायऱ्यात शेर पुन्हा म्हणायला लावतात. मुक्तछंदाच्या नशिबी मात्र एकदाच वाचन, लगेच टाळ्या, की पुढची. पहिल्या प्रतिमेत आपण अडकलेले असतो तोवर कविता संपलेलीही असते.

काही कवी वाईट वाचतात, हे मान्य. पुटपुटतात, माइकपासून तोंड फिरवतात. तरी मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. निवेदिकेच्या भावपूर्ण आवाजात नको, आणि मागे बासरी तर मुळीच नको.

आणि संयोजकहो, श्रोत्यांच्या प्रश्नांच्या वेळी माइक स्वयंसेवकानेच हातात धरावा. एकदा सोडला की समोरचे गृहस्थ खिशातून स्वतःची कविता काढतात.