खोबरं पेट घेतं म्हणे!

बेंगळुरूला ताईकडे जायचं असलं की बॅग मी भरत नाही. मी दोन जीन्स नि चार टीशर्ट टाकतो, बाकी आई भरते. सोलां (कोकमाच्या सुकवलेल्या साली), खोला मिरची, भावोजींना आवडतं म्हणून खाजे, आणि माळ्यावरच्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, त्याही माझ्या मोज्यांत कोंबून, जागा कशाला वाया घालवायची!

चेक-इनला 15 किलो, हातातल्या बॅगेला 7. घरात वजनकाटा एकच, बाथरूममधला, त्यावर आधी मी नुसता उभा, मग बॅग कवटाळून उभा आणि आई बाजूला वजाबाकी करतेय. सव्वासोळा भरली. "बॅगेचं सोड, तूच 82 झालायस की रे!" शेवटी एक जीन्स बाहेर आली. खोबरं आतच.

2023 च्या जानेवारीत गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून आम्हाला फोंड्याहून सहाच्या विमानासाठी तीनला निघावं लागतं, म्हणजे डोळे अर्धे मिटलेले, त्यात काऊंटरवरच्या मुलीने चित्रांचा कागद पुढे केला. फटाके, लायटर, पॉवर बँक आणि चक्क नारळाची वाटी. "सर, ड्राय कोकोनट?"

सुक्या खोबऱ्यात तेल इतकं की ते गरम होऊन पेट घेऊ शकतं म्हणे, म्हणून मनाई. खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण चेहरा साथ देईना. मग तिथेच जमिनीवर बॅग उघडली, मागे टुरिस्टांची ही लाईन, एकाच्या डोक्यावर त्या वेळीही बीचची टोपी, आणि मी एकेक मोजा झटकतोय. एक वाटी घरंगळत त्या टोपीवाल्याच्या पायाशी. पॉवर बँकही त्यातच सापडली, ती तर हातातल्याच बॅगेत लागते. खोबरं कचऱ्याच्या डब्यात टाकवेना, झाडू मारणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी वास घेतला, "वाटपाला बरं आसा," म्हणजे वाटणाला चांगलं आहे, म्हणाल्या आणि सगळं पदरात घेतलं.

पुढे सिक्युरिटी. लॅपटॉप, चार्जर, पट्टा ट्रेमध्ये, एका हाताने पँट धरलेली (82 किलोचा असून पँट कशी सुटते देव जाणे), आणि माझी बॅग बाजूला काढलेली. आत आगळाची बाटली, सांडली तर कपडे लाल होतील म्हणून आईने हातात दिलेली.

"ये क्या है? शराब?"

"नहीं साहेब, कोकम."

"पी के दिखाओ."

आगळ म्हणजे कोकमाचा मिठात मुरलेला रस, सोलकढीत चमच्याने मोजून घालतात तो. पहाटे पाचला, उपाशीपोटी, मी त्याचा घोट घेतला. माझं तोंड बघून साहेबांनी पुढचं काही विचारलंच नाही, नुसता हात केला, जा.

उतरल्या उतरल्या आईचा फोन. "खोबरं पोचलं?"

मी सगळं सांगितलं, तेल, आग, विमान.

"पेट घेतं? वीस वर्षं माळ्यावर ठेवतेय, घर जळलं का कधी?" मग जरा थांबून, "बरं, पुढच्या खेपेला किसून देते."