मामा, ते हेड आधी परत आणा

परवा रात्री साडेदहाला मामांचा फोन. मिरजेला असतात, दारात 1974 ची ॲम्बेसेडर, मार्क टू, आजोबांनी घेतलेली. इंजिन उतरवलंय हे माहीत होतं, पण फोन वेगळ्याच कारणासाठी. "अरे, ते पोर्टिंग करून घेतोय, हेड दिलंय कोल्हापूरला, पंचवीस टक्के पॉवर वाढते म्हणे." कोण म्हणे? तर व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज, खाली एका रीलची लिंक. तोच मेसेज मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आलाय आणि मी चारही वेळा गप्प बसलो, पण आता तो घरात शिरलाय त्यामुळे लिहितोय.

आधी चार शब्द. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, व्हॉल्व्ह त्यात बसतात. त्यातल्या हवा-पेट्रोल आत येण्याच्या (इनलेट) आणि धूर बाहेर जाण्याच्या (एक्झॉस्ट) वाटा म्हणजे पोर्ट, त्या घासून मोठ्या करणं म्हणजे पोर्टिंग. पोर्टला बाहेरून जोडलेल्या नळ्या म्हणजे मॅनिफोल्ड, आणि दोघांच्या मधलं पातळ पॅकिंग म्हणजे गॅस्केट.

मेसेजचा सारांश असा: जुन्या गाडीचं इंजिन उघडलंच आहे तर पोर्ट मोठे करा, गॅस्केटच्या भोकाएवढे करा, आतून आरशासारखे चमकवा, हेड जमेल तितकं फेस करा (म्हणजे त्याची खालची बाजू मशीनवर घासून घ्या), 25 टक्के पॉवर आणि वर मायलेजही वाढतं, आणि हे सगळं कंपनीने मुद्दाम केलं नव्हतं कारण त्यांना पॉवर दाबून ठेवायची होती.

आधी ते 25 टक्के घेऊ. ॲम्बेसेडरचं 1489 सीसीचं इंजिन म्हणजे ब्रिटिश बीएमसी या मोटार कंपनीचं बी-सिरीज, पॉवर पन्नास बीएचपीच्या आसपास. हेच 1489 सीसी तिकडे एमजीए नावाच्या स्पोर्ट्स कारमध्ये होतं आणि तिथे ते 72 बीएचपी देत होतं. कसं? दोन एसयू कार्ब्युरेटर, वेगळा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), जास्त कॉम्प्रेशन, आणि ती 72 सुद्धा 5500 आरपीएमला. म्हणजे अख्ख्या कारखान्याने एवढा खटाटोप केल्यावर जे मिळालं त्यातलं निम्मं आपला रीलवाला रविवारी दुपारी डाय ग्राइंडर फिरवून देतोय. आणि मामा, तुम्ही 5500 ला गाडी कधी नेली? मिरज ते पंढरपूर तुम्ही 60 च्या वर जात नाही, मागून एसटी हॉर्न मारते.

आता गॅस्केट मॅचिंग. खरी गंमत (आणि खरं नुकसान) इथे आहे म्हणून जरा सविस्तर.

रीलमध्ये तो माणूस हेडवर नवं मॅनिफोल्ड गॅस्केट ठेवतो, भोकाच्या कडेने मार्करने गोल काढतो, आणि म्हणतो बघा, पोर्ट किती लहान आहे, कंपनीने किती चोरी केलीय. मग त्या रेघेपर्यंत बर, म्हणजे ग्राइंडरचं दातेरी टोक, फिरवतो. अरे बाबा, गॅस्केटचं भोक पोर्टपेक्षा मोठंच कापतात! ते थोडं सरकलं तरी त्याची कड हवेच्या वाटेत येऊ नये म्हणून, आणि एकच गॅस्केट दोन-तीन प्रकारच्या हेडना चालावं म्हणून. ते काय पोर्टचं माप सांगायला बसवलेलं नसतं.

बरं, समजा केलं त्या मापाचं. ग्राइंडर आत जाणार किती? बोटाचं एक पेर, फार तर दीड. म्हणजे तोंडाशी पोर्ट मोठा, आत गेल्यावर परत पहिल्यासारखा. ओढ्याला मध्येच डोह असतो ना, तिथे पाणी संथ होतं आणि गाळ खाली बसतो, तसंच. हवा तिथे मंदावते आणि तिच्याबरोबर आलेले पेट्रोलचे थेंब भिंतीवर बसतात. उदाहरणापुरतं 30 मिमीचं भोक 34 केलं तर क्षेत्रफळ 28 टक्के वाढतं आणि तेवढीच हवा जात असेल तर तिचा वेग बावीस टक्क्यांनी पडतो. हे आठवीचं गणित आहे, याला फ्लो बेंच (हवा किती जाते ते मोजणारं यंत्र) लागत नाही. कमी आरपीएमला, म्हणजे मामा ज्या आरपीएमला आयुष्यभर गाडी चालवतात तिथे, इंजिन आणखी मंद होतं. मायलेज वाढायचं राहिलं बाजूला.

आणि हवा अडते कुठे हे तरी बघायचं. घरात दीड इंची पाइप घातला आणि शेवटी नळ अर्ध्या इंचाचाच ठेवला तर बादली लवकर भरेल का? इंजिनात तो नळ म्हणजे व्हॉल्व्ह, सीट (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कड) आणि सीटच्या मागचा घसा. डेव्हिड व्हिझार्ड नावाच्या इंग्रज ट्यूनरने बी-सिरीजच्या धाकट्या भावावर, म्हणजे मिनीच्या ए-सिरीजवर, वर्षानुवर्षं फ्लो बेंचवर मोजमाप करून एक जाडजूड पुस्तक लिहिलंय, त्यातला मुख्य धडा हाच की फायदा आहे तो व्हॉल्व्हच्या आसपासच्या त्या थोड्याशा जागेत, पोर्टचं तोंड रुंद करण्यात नाही. दोन्ही इंजिनांची हेडची मांडणी एकच, पाच पोर्टवाली, त्यामुळे त्याचं म्हणणं आपल्यालाही लागू.

पाच पोर्ट म्हणजे काय तेही रीलवाल्याला माहीत नसावं. चार सिलिंडर, पण इनलेट पोर्ट दोनच. 1 आणि 2 ला मिळून एक, 3 आणि 4 ला मिळून एक. एक्झॉस्ट तीन, मधला 2 आणि 3 चा सामायिक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2, म्हणजे 2 ने ओढून घेतलं की लगेच 1 चा नंबर, त्याच नळावर, आणि 3 नंतर लगेच 4 चा. एका नळावर दोन बिऱ्हाडं, भांडण होणारच. ते भांडण तोंड रुंद करून मिटत नाही.

आता नुकसानीचं. या हेडमध्ये मॅनिफोल्ड आणि पुशरॉड (खालून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या काड्या) एकाच बाजूला आहेत, इनलेट पोर्ट पुशरॉडच्या भोकांच्या मधून वाट काढत जातो. मध्ये जी बिडाची भिंत आहे ती किती जाड आहे हे बाहेरून कळत नाही, कारण ओतकामात वाळूचा कोर जरासा सरकला की एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा. माझ्या ओळखीच्या एकाने असंच गॅस्केटच्या रेघेपर्यंत घासून घेतलं होतं, कुणाकडून ते जाऊ दे. गाडी चालू झाली, पण आयडलिंग वर-खाली, मागून निळा धूर, कार्ब तीनदा उघडला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) दोनदा सेट केले, पिस्टनच्या रिंगा बदलायचं ठरत होतं. शेवटी मॅनिफोल्ड काढून पोर्टमध्ये टॉर्च मारला तर पुशरॉडच्या भोकाकडे तांदळाच्या दाण्याएवढं छिद्र. तिथून इंजिन जादा हवा आणि ऑइलची वाफ ओढत होतं. भोकात ट्यूब बसवून दुरुस्त करतात तसं, पण त्याच्याकडे तोवर भिंत इतकी गेली होती की दुसरं हेडच शोधावं लागलं. दोन महिने गाडी विटांवर. दुसऱ्या बाजूला पाण्याचं जॅकेट आहे, तिकडे फुटलं तर काय होतं ते सांगायला नको.

आरशासारखं पॉलिश: इनलेटला नको. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचे थेंब भिंतीला लागतातच, जरा खरखरीत भिंत असली तर ते परत हवेत उचलले जायला मदत होते. 80 नंबरच्या एमरीचा हात पुरे. एक्झॉस्टला चकाकी दिली तर कार्बन जरा कमी चिकटतो, ते मान्य, पण त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर हात जोडा.

हेड जमेल तितकं फेस करा: नाही. सपाट होईल इतकंच. जास्त घेतलं की कॉम्प्रेशन वाढतं, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून ठोके) सुरू होतं, वर पुशरॉडचं मापही बिघडतं.

कंपनीने पॉवर दाबून ठेवली: यावर काय बोलणार. ज्या कंपनीला दरवाज्याची फट नीट जमली नाही ती पॉवर दाबण्याचे कट कुठून करणार.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो, कारण मेसेजमध्ये चुकून एक खरी ओळ आहे. पोर्ट आणि मॅनिफोल्ड यांची तोंडं एकमेकांसमोर यायला हवीत. हे खरंच बघायचं असतं. मागच्या वर्षी एक बी-सिरीज हेड माझ्याकडे पडवीत वर्तमानपत्रावर होतं. काढलेलं जुनं गॅस्केट उजेडात धरलं तर एका इनलेटच्या भोकाशी काजळीत चंद्रकोर उमटलेली, साधारण दोन मिमीची. बोट घालून पाहिलं तर पायरी नखाला अडकत होती. म्हणजे मॅनिफोल्ड इतकी वर्षं तेवढं खाली बसत होतं आणि हवा त्या पायरीवर आपटत होती. मग हेडच्या तोंडाला निळा रंग लावून मॅनिफोल्ड टेकवून छाप घेतला, जिथे पायरी वाटेत येत होती तेवढीच हाताने कानशीने उतरवली, अर्धा तास लागला. एक्झॉस्टला उलट, तिथे मॅनिफोल्ड पोर्टपेक्षा जरा मोठं असलं तर चांगलंच, धूर परत फिरायला कड आडवी येते. याला गॅस्केट मॅचिंग म्हणायचं असेल तर म्हणा. ओतकामाचे उरलेले काटे काढणं, व्हॉल्व्हच्या घशातली सीट कटिंगची धारदार कड मोडणं, हेही करा.

आणि मामा, पैसे घालायचेच तर सीटमध्ये घाला. आपल्याकडे 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिशाशिवायचं पेट्रोल आलं. तुमचं हेड त्याच्या आधीचं, साध्या बिडात कापलेल्या सीटा, शिसं सीटला जे संरक्षण देत होतं ते गेलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आत बसत जातो आणि टॅपेटची गॅप खायला लागतो. तुम्ही दर दिवाळीला टॅपेट टाइट झाले म्हणता ते हेच. चार कडक सीटा बसवून घ्या, तीन अँगलचं कटिंग, नवे गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या), व्हॉल्व्ह नीट लॅप, म्हणजे सीटवर घासून बसवलेले. एवढ्यात गाडीला जो फरक पडेल तोच रीलवाला पोर्टिंगच्या नावावर दाखवतो, कारण त्याच्या रीलमध्येसुद्धा हे सगळं नवंच घातलंय, फक्त ते तो बोलत नाही.

काल सकाळी मामांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरला फोन केला. मिस्त्री म्हणाला अजून हात लावला नाही, गर्दी आहे. नशीब. आता सीटच्या कामाचं सांगितलंय आणि ग्राइंडर पोर्टमध्ये घालायचा नाही असं हेडवर खडूने लिहून ठेवायलाही सांगितलंय. आणि मामा, इंजिनचं जुनं मॅनिफोल्ड गॅस्केट तुम्ही माळ्यावरच्या डब्यात टाकलंय असं मामी म्हणाल्या, ते फेकू नका, मी शनिवारी येतोय.