दोन घरचा पाहुणा

अरे बाबा, एक काहीतरी हो! टचस्क्रीन हो, नाहीतर बटणांचा हो. दोन्ही व्हायला तुला सांगितलं होतं कोणी?

असं मी फोनवर नाही, फोनला बोलतो. हल्ली रोज. लोक बघतात, बघू देत.

घेताना काय हुरूप होता! वर टचचा पडदा, अंगठ्याने बाजूला सरकवला की खालून अख्खा कीबोर्ड बाहेर. फोटो बघायला पडदा, मेसेज लिहायला खरीखुरी बटणं. दोन्ही हातांत लाडू. खोक्यावरच लिहिलेलं, ‘मेसेजिंग फोन’. मी दिवसाला पन्नास-साठ मेसेज करणारा माणूस, मला तर तो माझ्या मापाने शिवल्यासारखा वाटला. दोन वर्षं झाली. लाडू कुठे गेले माहीत नाही, मी मात्र दोन घरचा पाहुणा होऊन उपाशी बसलोय.

कारण या फोनात टच एका घरचा, कीबोर्ड दुसऱ्या घरचा, आणि दोन्ही घरांची बोलचाल बंद आहे. कीबोर्डवर सव्वीसच्या सव्वीस अक्षरं आहेत, पण बाण नाहीत. मागे जाऊन एक अक्षर दुरुस्त करायचं, तर कर्सर हलवायला बोट पडद्यावर. नाव निवडायचं, पडद्यावर. ‘मेसेज जतन करायचा का?’ असं विचारतो, त्याचं हो-नाही पडद्यावर. पाठवायचं बटणही पडद्यावरच. एन्टर दाबून बघितलं, तर नवीन ओळ सुरू करतो शहाणा. बरं, म्हणून फोन मिटलेला ठेवून सगळंच पडद्यावर लिहावं, तर तिथे हा कीबोर्ड नाही. तिथे जुन्या फोनसारखे बारा चौकोन, एकेका आकड्यावर तीन-चार अक्षरं. त्या चौकोनांत शब्द ओळखायची सोय आहे. तिला मी महिनाभर खपून माझे शब्द शिकवले, माणसांची नावं शिकवली. कीबोर्ड उघडला की त्यातलं एकही तिला आठवत नाही! सुनेने सासरी जाताना माहेरचं नावसुद्धा विसरावं, तसं.

आणि टच म्हणजे तरी काय टच! हा स्पर्शाने नाही, दाबाने चालतो. पडद्यात दोन पातळ थर, मध्ये बारीकशी फट. दाबलं की वरचा थर खालच्याला टेकतो आणि कुठे टेकला ते फोन मोजतो. (नखाने चालतो, पेनाच्या टोपणाने चालतो, हातमोजा घालूनही चालतो. एवढं त्याचं मान्य करतो, बोटाने विद्युतभार बदलला तरच समजणाऱ्या नव्या पडद्यांना ते जमत नाही.) पण हे मोजमाप दिवसागणिक सरकतं. माझं खाली सरकलंय. दाबतो एका जागी, लागतं बोटभर खाली.

उपाय आहे ना. सेटिंगमध्ये एक जागा आहे, तिथे पडद्यावर एकामागून एक फुल्या येतात, त्या बरोबर मध्यावर दाबायच्या, मग फोन आपला हिशेब सुधारतो. छान. पण तिथवर जायचं कशाने? टचनेच! ज्याचा नेम चुकलाय त्यालाच नेम धरून पाच मेनू ओलांडायला सांगायचं. मागच्या वेळी त्या वाटेवर माझी रिंगटोन बदलली, ब्लूटूथ चालू झालं आणि मेनूची भाषा अशी काही झाली की परत यायला अर्धा तास लागला. शेवटी पोहोचलो, फुल्या दाबल्या, आठ दिवस नीट चालला. नवव्या दिवशी पुन्हा बोटभर खाली.

आता ताईचं ऐका, म्हणजे मी उगाच चिडतो असं कोणी म्हणणार नाही.

तिच्याशी थोडं वाजलं होतं, साधंच काहीतरी. दुसऱ्या दिवशी ठरवलं, आपणच मेसेज करू. उभ्या उभ्या, खांद्याला पिशवी, कीबोर्ड सरकवला आणि रोमन अक्षरांत लिहायला घेतलं: ‘ताई मी तुझ्यावर रागावलो’. पुढे ‘नाही’ लिहायचं, तेवढ्यात दिसलं की ‘तुझ्यावर’मध्ये एक अक्षर चुकलंय. बाण नाहीत. बोट नेलं पडद्यावर, त्या अक्षरावर टेकवलं. बोटभर खाली काय असतं? ‘पाठवा’.

गेला.

मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला येतो, हे मला शाळेत कधी खटकलं नव्हतं, ते या फोनने दाखवलं. ‘ताई मी तुझ्यावर रागावलो.’ कर्ता आहे, क्रियापद आहे, काही म्हणजे काही कमी नाही. मी घाईघाईने नुसतं ‘नाही’ पाठवायला घेतलं. पण मेसेज गेला की हा पडदाभर ‘मेसेज पाठवला’ असं मिरवतो, आणि ते घालवायला पडद्यावरच दाबावं लागतं, आणि दाबलं तर बोटभर खाली लागतं. ते घालवेपर्यंत ताईचं उत्तर आलं: ‘बरं. राग उतरला की फोन कर.’ आणि त्याच्या पाठोपाठ तिच्याकडे माझा पोहोचला: ‘नाही’.

चार दिवस बोलली नाही.

सरकवणं तरी सुखाचं असावं? सरकवायला अंगठा टेकवायचा कुठे, तर पडद्याच्या कडेला. पडदा तर दाबालाच जागा! त्यात सरकवताक्षणी कुलूपही आपोआप उघडतं, म्हणजे अंगठ्याखाली जे असेल ते सुरू. एकदा रात्री साडेअकराला आमच्या साहेबांना फोन लागला. ते ‘हॅलो, हॅलो’ करतायत आणि मी फोन तोडायला लाल बटण शोधतोय, ते पडद्यावर, आणि पडदा तेव्हाच उभ्याचा आडवा होतोय. आडवं व्हायला याला दोन सेकंद लागतात. त्या दोन सेकंदांत टाइप केलेलं सगळं गिळतो, ढेकरसुद्धा देत नाही. वरची रांग पडद्याच्या कडेला इतकी खेटून आहे की ‘टी’ दाबताना नख त्या पायरीवर आपटतं. आणि कीबोर्डचा दिवा! शब्द आठवायला जरा थांबलं की विझतो. अंधारात बसलेल्या माणसाने विचार करूच नये, अशी यांची इच्छा असावी.

अक्षरांच्या हिशेबातही हीच तऱ्हा. रोमन मेसेजला १६० अक्षरं मिळतात, कोपऱ्यात आकडा उतरत जातो. साधं प्रश्नचिन्ह कीबोर्डवर आहे, बाकी चिन्हांची पाटी पडद्यावर उघडते. तिथे बोटभर खाली भलतंच एखादं वळणदार अवतरणचिन्ह लागलं, की अख्खा मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या जागा खाणाऱ्या अक्षरसंचात, जातो आणि मर्यादा १६० वरून थेट ७० वर येते. एका चिन्हापायी! वर एकाहून जास्त मेसेज जोडायचे झाले तर प्रत्येकात ६७ च मावतात. १५० अक्षरं लिहून झालेली, एकाचे तीन मेसेज. आणि ते चिन्ह शोधून काढायचं कशाने? बाण नाहीत, सांगितलं ना.

कोणी म्हणेल, सरकता कीबोर्ड म्हटला की एवढं चालायचंच. का चालायचं? २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला, एचटीसीचा, तोही सरकत्या कीबोर्डचाच. त्याला सुरुवातीला पडद्यावर कीबोर्डच नव्हता, तो २००९ च्या एप्रिलमधल्या १.५ आवृत्तीने दिला. तोवर एक शब्द लिहायचा तरी सरकवा. कटकटच, पण सरळ कटकट! जेवायचं तर याच घरी, असं त्याने तोंडावर सांगितलेलं. शिवाय त्याला ट्रॅकबॉल होता, कर्सर फिरवायला एक गोळी. एक गोळी हो! माझ्या फोनात चार बाणांनासुद्धा कोणाला जागा सापडली नाही. टच बनवणाऱ्यांना वाटलं असणार कीबोर्डवाले बघतील, कीबोर्डवाल्यांना वाटलं टचवाले बघतील.

आणि आता, गेल्या आठवड्यापासून, ‘एन’ बसलंय. दाबलं की खाली जातं, उमटत काही नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने दोनदा आत-बाहेर सरकवून बघितला आणि म्हणाला, “बटण होईल, पण खोलताना मधला पट्टा तुटला तर पडदा जाईल, मग मला बोलायचं नाही.” वरचा अर्धा खालच्या अर्ध्याला एका पातळ पट्ट्याने जोडलेला असतो, तो प्रत्येक सरकवण्याला वाकतो. दिवसाला पन्नास-साठ मेसेज, दोन वर्षं. हिशेब न करता फोन उचलला आणि घरी आलो.

तर सध्या एक ‘एन’ मी असा काढतो. फोन मिटायचा. पडदा उभा होईपर्यंत थांबायचं. बारा चौकोनांत सहाच्या आकड्यावर ‘एन’ आहे, दोनदा दाबायचं. पण सहा दाबला की त्याच्या खालचा नऊ लागतो, म्हणून दाबायचा तीन. मग पुन्हा सरकवायचं, दोन सेकंद थांबायचं, आणि पुढचं अक्षर. घाई असली की मी ‘एन’ सोडूनच देतो, वाचणारा समजून घेतो.

काल ताईने आपणहून मेसेज केला, ‘अजून राग आहे का?’ मी घाईत होतो. ‘नाही’ लिहिलं, ‘एन’ सोडून. उरलं ‘आही’. तिने ते ‘आहे’ वाचलं.