वांद्र्याचे फ्लॅट, परळच्या खोल्या

मुंबईत दोन-तीन रात्रींपुरतं घर हवं असेल तर एअरबीएनबीचा नकाशा उघडून बघा. पाहुणे बघायला जातात ते बहुतेक सगळं दक्षिणेला: गेटवे, सीएसएमटी, काळा घोडा, मरीन ड्राइव्ह. घरांची दाटी मात्र वांद्रे पश्चिम, खार, अंधेरी पश्चिम, वर्सोवा, पवई या बाजूला. कुलाब्यात काही सापडतात, पण गिरगाव-काळबादेवीकडे सरकलात की नकाशा ओस पडत जातो.

माझ्या मते याचं मूळ घरांच्या मालकीत आहे. गिरगाव, भुलेश्वरच्या कितीतरी इमारती अजून पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे मोजून नाममात्र भाड्यावर वर्षानुवर्षं राहणाऱ्या भाडेकरूंच्या. पागडीच्या भाडेकरूने जागा परस्पर तिसऱ्याला दिली, तर त्याला बाहेर काढायला घरमालकाला कायद्याने आयतं कारण मिळतं. मग ॲपवर फोटो टाकायची हिंमत कोण करणार? शिवाय चाळीत सामाईक गॅलरी. अनोळखी माणूस बॅग घेऊन जिना चढला की पहिल्याच मजल्यावर "कोण पाहिजे?" हा प्रश्न येतोच.

वांद्रे-अंधेरीत ओनरशिपचे फ्लॅट आणि मालक राहायला भलतीकडेच. वांद्र्याला तशी ही सवय जुनीच. रनवार, चिंबई भागात पेइंग गेस्ट ठेवायची रीत ॲपच्या कितीतरी आधीची. पण तेव्हा घरमालकीण स्वतः बाहेरच्या खोलीत बसलेली असायची, आणि उशिरा आलात तर दारातच उलटतपासणी व्हायची. आता दाराला आकड्यांचं कुलूप आणि मालकाच्या जागी व्हॉट्सॲपवरचा एक मॅनेजर.

गिऱ्हाईकही फक्त पर्यटक नसतं. शूटिंगला आलेली युनिटची माणसं, लग्नाला आलेले एनआरआय, पहाटेच्या विमानाचे प्रवासी. अमेरिकेची वकिलात 2011 मध्ये ब्रीच कँडीहून बीकेसीला आली, तेव्हापासून गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोव्याहून व्हिसाच्या मुलाखतीला येणारेही मुक्कामाला याच बाजूला जागा शोधतात.

मी अंधेरी पश्चिमेला राहतो. आमच्या बिल्डिंगमध्येही असा एक फ्लॅट आहे. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये 'कोणाकडे' या रकान्यात त्या फ्लॅटसमोर नाव कधीच नसतं, नुसतं 'गेस्ट'. पॅसेजमध्ये पांढऱ्या चादरींची गाठोडी, लिफ्टमध्ये रात्री-अपरात्री बॅगा. सोसायटीने तक्रार केली की मालक म्हणतो, "माझा फ्लॅट, माझी मर्जी." गंमत बघा, तोच फ्लॅट एखाद्या कुटुंबाला 11 महिन्यांसाठी दिला असता तर लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावा लागला असता, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यावी लागली असती, आणि कमिटीने बॅचलर आहेत का, शाकाहारी आहेत का, असं (नको तेही) विचारलं असतं. दोन रात्रींच्या माणसाला कुणी काही विचारत नाही. सोसायटीच्या हातात काय, तर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसलेल्या फ्लॅटवरची जादा आकारणी. तेही 2001 च्या सरकारी आदेशाने सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. सेवाशुल्क 3000 असेल तर महिन्याला 300 रुपये. एका रात्रीच्या भाड्यात वर्षाचं शुल्क वसूल!

मग बंदीच घाला, असं आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी लिहितं. तिथे मी अडतो, ते परळमुळे.

टाटा हॉस्पिटलच्या आसपास तात्पुरत्या मुक्कामाची दुसरी एक मुंबई आहे आणि ती ॲपवर फारशी दिसत नाही. बिहार, बंगाल, आसामपासून आपल्या जळगाव-नांदेडपर्यंतची माणसं केमोसाठी येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. नाहीतर गल्लीतली एखादी खोली, तीही परवडली नाही तर जेरबाई वाडिया रोडचा फुटपाथ. माझ्या नात्यातले एक काका अशाच एका खोलीत राहिले होते. एक पंखा, एक गॅसची शेगडी, आणि मालकीणबाई पलीकडच्या खोलीत. डबा नाही आला तर त्याच वरणभात करून द्यायच्या. कागदोपत्री बघाल तर हेसुद्धा 'शॉर्ट स्टे'च.

2021 मध्ये म्हाडाने रुग्णांच्या नातेवाइकांसाठी टाटाला 100 घरं द्यायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या सोसायट्यांमधल्या रहिवाशांनी विरोध केला आणि मुख्यमंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. मग भोईवाड्याजवळ बॉम्बे डाईंगच्या जागेवरच्या म्हाडा इमारतीत घरं देण्याचं जाहीर झालं. म्हणजे केमोच्या पेशंटसोबत आलेली बायको आम्हाला बिल्डिंगमध्ये चालत नाही, आणि शनिवारच्या पार्टीवाल्याला आम्ही अडवू शकत नाही. सरसकट बंदी आली तर पहिला बळी कोणाचा जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

न्यूयॉर्कने 2023 पासून कडक अंमल सुरू केला. 30 दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर यजमान स्वतः त्या घरात राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोनच. बार्सिलोना 2028 पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळेच परवाने संपवायला निघालं आहे. मला न्यूयॉर्कची पहिली अट पटते. मालक घरात राहतोय का, एवढा एक प्रश्न विचारला तरी परळची ती बाई आणि आमच्या बिल्डिंगमधला तो फ्लॅट वेगवेगळे होतात. मालक तिथे राहत नसेल तर तो धंदा आहे. त्याने धंद्याचा परवाना घ्यावा, धंद्याच्या दराने कर आणि सोसायटीचं शुल्क भरावं, आणि पाहुण्यांची नोंद लॉजसारखी ठेवावी. रुग्णालयांच्या परिसरात मात्र भाड्यावर कमाल मर्यादा घालून सवलत द्यावी. मर्यादा नसेल तर तिथेही उद्या मॅनेजर आणि आकड्यांचं कुलूप येईल.

येत्या वार्षिक सभेत मी आमच्यापुरता ठराव मांडतोय: फ्लॅट कुणालाही दिला तरी राहणाऱ्याचं नाव, ओळखपत्र आणि मालकाचा चालू फोन नंबर ऑफिसात आधी पोचला पाहिजे. कोणाच्या सोसायटीने असं काही केलं असेल आणि ते उपनिबंधकांसमोर टिकलं असेल, तर ठरावाचा मसुदा कमेंटमध्ये टाका. वकील मित्रांनीही जरा मनावर घ्या.